जुन्या डेस्कटॉपवर व्हिडिओ अडखळतो तेव्हा: आधी काय तपासावं, मग काय बदलावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०११ साली जुळवलेला डेस्कटॉप, इंटेल कोअर आय५-२४०० प्रोसेसर, एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅमची एकच पट्टी, ५०० जीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०, आणि व्हीजीए केबलनं जोडलेला साडेअठरा इंची मॉनिटर. यूट्यूबवर १०८०पी लावलं की चित्र अडखळतं. मोबाइलवर काढलेले व्हिडिओ एक तर उघडत नाहीत, नाहीतर आवाज पुढे पळतो आणि चित्र मागे राहतं. रंग फिके दिसतात. आता ४के (१०८०पीच्या चौपट ठिपक्यांचा) पडदा घ्यायचा विचार आहे. रॅम वाढवू, एसएसडी (हार्ड डिस्कहून वेगवान साठवण) टाकू, ग्राफिक्स कार्ड घेऊ, की सगळंच काढून नवं घेऊ?

तुमचं मशीन टाकाऊ झालेलं नाही. चार कोअरचा, ३.१ गिगाहर्ट्झचा हा प्रोसेसर पत्रव्यवहार, हिशेब, ब्राउझिंग यांना अजून पुरतो. मी वीसहून जास्त वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करतोय आणि ‘व्हिडिओ अडखळतो’ म्हणून आलेल्या मशीनमध्ये सरसकट सगळं बदलावं लागलं, असं फार कमी वेळा झालं. पण चुकीचा भाग आधी घेतला आणि पैसे वाया गेले, असं मात्र पुष्कळदा पाहिलंय. म्हणून आधी व्हिडिओ चालताना मशीनमध्ये काय होतं ते सांगतो. ते कळलं की कोणता भाग घ्यायचा हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

१०८०पी चित्राच्या एका फ्रेममध्ये १९२० बाय १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याला रंगाचे २४ बिट आणि सेकंदाला ६० फ्रेम धरल्या तर दर सेकंदाला जवळजवळ ३ गिगाबिट माहिती होते. एवढी माहिती नेटवरून येत नाही. येते ती काही मेगाबिट, म्हणजे शेकडो पटींनी आवळलेली. ती आवळण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात आणि ती उलगडणं हेच व्हिडिओ चालवण्यातलं खरं जड काम. हे काम दोन ठिकाणी होऊ शकतं. एक तर प्रोसेसर सॉफ्टवेअरच्या मदतीनं घाम गाळून करतो, किंवा ग्राफिक्सच्या चिपमध्ये खास त्यासाठीच बसवलेला डिकोडर करतो. डिकोडर हे काम अगदी थोड्या विजेत, हसत हसत करतो. मात्र त्याला ज्या कोडेकसाठी घडवलं तेवढेच कोडेक त्याला येतात. पुढे आलेला नवा कोडेक त्याला शिकवता येत नाही.

तुमची अडचण इथेच आहे. एच.२६४ हा कोडेक २००३ चा. तुमच्या प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सला तो उत्तम येतो. एचईव्हीसी, ज्याला एच.२६५ असंही म्हणतात, आणि व्हीपी९ हे दोन्ही २०१३ चे, म्हणजे तुमचा प्रोसेसर बाजारात येऊन दोन वर्षं झाल्यावरचे. एव्ही१ तर २०१८ चा. यूट्यूब आज ब्राउझरला बहुतेक वेळा व्हीपी९ किंवा एव्ही१ मध्ये व्हिडिओ पाठवतं आणि मोबाइलचा कॅमेरा अनेकदा एचईव्हीसीमध्ये साठवतो. तिन्ही बाबतीत तुमचा डिकोडर हात वर करतो आणि सगळं ओझं प्रोसेसरवर येऊन पडतं. याच मशीनवर एच.२६४ मधला जुना चित्रपट लावून पाहा, तो लोण्यासारखा चालेल.

इंटेलच्याच पुढच्या पिढ्यांचं सांगायचं तर २०१५ च्या सहाव्या पिढीत ८ बिटचा (कमी रंगछटांचा) एचईव्हीसी आला, सातव्या पिढीत १० बिटचा एचईव्हीसी आणि व्हीपी९ आले, आणि एव्ही१ साठी अकराव्या पिढीपर्यंत थांबावं लागलं. कुणी वापरलेला कॉम्प्युटर देऊ केला तर हा क्रम आठवा. सहाव्या आणि सातव्या पिढीचा वेग जवळपास सारखाच, पण व्हिडिओच्या बाबतीत त्यांच्यात मोठं अंतर आहे.

आता तपासणी. यूट्यूबवर व्हिडिओ चालू असताना चित्रावर राइट क्लिक करा आणि ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ निवडा. कोपऱ्यात एक काळी चौकट येते. तिच्यात कोडेक्सच्या ओळीत नाव एव्हीसी१ पासून सुरू होत असेल तर तो एच.२६४, व्हीपी०९ असेल तर व्हीपी९ आणि एव्ही०१ असेल तर एव्ही१. वरच्या एका ओळीत एकूण फ्रेम किती आणि गळालेल्या किती, तेही दिसतं. दोन मिनिटं व्हिडिओ चालू द्या आणि हा आकडा बघा. शेजारी टास्क मॅनेजर उघडून प्रोसेसर आणि मेमरी किती टक्के वापरात आहे तेही पाहा. नव्या मशीनवर तिथे जीपीयूचा आलेख आणि त्यात ‘व्हिडिओ डिकोड’ असा वेगळा रकाना दिसतो. तुमच्याकडे तो दिसणार नाही, कारण त्यासाठी डब्ल्यूडीडीएम २.० प्रकारचा ड्रायव्हर लागतो आणि तुमच्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्याहून जुना आहे. काही बिघडलंय असं समजू नका.

या आकड्यांचा अर्थ कसा लावायचा? फ्रेम गळताहेत आणि प्रोसेसर ९० टक्क्यांच्या वर, तर उलगडण्याचं ओझं पेलत नाही. फ्रेम गळताहेत, प्रोसेसर ५०-६० टक्क्यांवर, पण मेमरी काठोकाठ भरलेली आणि हार्ड डिस्क १०० टक्के, तर दोष रॅमचा. फ्रेम एकही गळत नाही आणि तरीही चित्र थांबून गोल चक्र फिरत राहतं, तर दोष नेटचा, मशीनचा नाही. आणि सुरुवातीची पाच-दहा मिनिटं सगळं ठीक, मग अडखळायला लागतं, असं असेल तर मशीन तापतंय.

खरं सांगायचं तर आय५-२४०० नं १०८०पीचा व्हीपी९ सॉफ्टवेअरच्या जोरावरही कसाबसा ओढायला हवा. तो ओढत नसेल तर त्याच्या जोडीला दुसरं काहीतरी आहे, असा माझा अंदाज आहे. ४ जीबी रॅममध्ये विंडोज १० आणि ब्राउझरचे पाच-सात टॅब उघडले की रॅम संपते. मग विंडोज हार्ड डिस्कवर तात्पुरती माहिती उतरवायला लागतं आणि त्या धावपळीत व्हिडिओच्या फ्रेम चुकतात. शिवाय इतक्या वर्षांत प्रोसेसर आणि पंख्यामधली थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. एखादा फुकटचा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम लावून बघा. व्हिडिओ चालताना आकडा शंभरच्या जवळ जात असेल तर प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतोय. कॅबिनेट उघडा, धूळ काढा, जुनी पेस्ट पुसून नवी लावा. पंखा ब्रशनं साफ करताना तो बोटानं धरून ठेवा. ब्लोअरच्या हवेनं भरधाव फिरू दिलात तर बेअरिंग जातं. कॅबिनेट उघडलंच आहे तर मदरबोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे छोटी उभी नळकांडी, तीही बघून घ्या. डोकी फुगलेली किंवा चिकट दिसली तर या मशीनवर एक रुपयाही खर्च करू नका, कारण त्या बोर्डाचे दिवस भरत आलेत.

यानंतर फुकटातले उपाय, आणि ते खरोखर करून पाहा. तुमचा साडेअठरा इंची मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा असणार. त्यात १०,४९,०८८ ठिपके मावतात, १०८०पीच्या जेमतेम निम्मे. म्हणजे मशीन वीस लाख ठिपके उलगडतं आणि मग त्यातले निम्मे गाळून पडद्यावर मांडतं. नवा पडदा येईपर्यंत ७२०पी लावा. या पडद्यावर फरक डोळ्यांना जाणवणार नाही आणि ओझं निम्म्याहून कमी होईल.

दुसरा उपाय म्हणजे यूट्यूबकडून एच.२६४ च मागून घेणं. ‘एच२६४इफाय’ नावाचं छोटं ब्राउझर एक्स्टेन्शन आणि त्याची सुधारित रूपं हेच काम करतात. ब्राउझरला नवे कोडेक येत नाहीत असं ती यूट्यूबला सांगतात, मग यूट्यूब एच.२६४ पाठवतं, आणि तुमचा २०११ चा डिकोडर कामाला लागतो. प्रोसेसरचा आकडा झर्रकन खाली येताना पाहिला की मला आजही आनंद होतो. यूट्यूबवर एच.२६४ फक्त १०८०पीपर्यंतच मिळतो, त्यावरचं सगळं व्हीपी९ किंवा एव्ही१ मध्ये असतं. सध्याच्या तुमच्या पडद्याला त्याची अडचण नाही. फायरफॉक्स वापरत असाल तर पत्त्याच्या जागी ‘about:config’ लिहून उघडणाऱ्या पानावर ‘मीडिया.एव्ही१.एनेबल्ड’ ही ओळ शोधून ‘फॉल्स’ करा, म्हणजे निदान सर्वात जड असलेला एव्ही१ तरी टळेल. आणि हे सगळं करण्याआधी ब्राउझरच्या सेटिंगमध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन चालू आहे ना, ते बघा. कधीतरी पडदा काळा पडला म्हणून कुणीतरी ते बंद केलेलं असतं आणि मग वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही.

मोबाइलचे व्हिडिओ. विंडोजच्या स्वतःच्या प्लेअरला एचईव्हीसीसाठी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून वेगळी जोड घ्यावी लागते आणि ती विकत असते. त्याऐवजी व्हीएलसी किंवा एमपीव्ही वापरा, त्यांच्यात सगळे कोडेक आधीच असतात. मात्र प्लेअर बदलला तरी डिकोडर तोच राहतो. १०८०पी, ३० फ्रेमचा व्हिडिओ हा प्रोसेसर ओढेल, पण ४के एचईव्हीसी ओढणार नाही. आवाज पुढे आणि चित्र मागे ही त्याचीच खूण आहे: आवाज उलगडायला हलका असल्यानं तो वेळेवर येतो आणि चित्र मागे पडतं. यापुढे काढायच्या व्हिडिओंसाठी मोबाइलच्या कॅमेऱ्यात १०८०पी निवडा आणि ‘हाय एफिशियन्सी’ बंद करा. आयफोनमध्ये त्याच जागी ‘मोस्ट कंपॅटिबल’ असा पर्याय आहे. आधी काढलेले व्हिडिओ हँडब्रेक नावाच्या प्रोग्रॅमनं एच.२६४ मध्ये बदलता येतात, पण या मशीनवर त्याला तासन्‌तास लागतील आणि दर्जा थोडा घटेल. घरच्या माणसांच्या आठवणी असतील तर मूळ फाइल कधीही पुसू नका. आज अडखळणारी फाइल उद्या दुसऱ्या मशीनवर सुरळीत चालेल, पण पुसलेली परत मिळणार नाही.

आता पैसे खर्च करायच्या गोष्टींकडे येतो. माझ्या मते पहिला खर्च रॅमचा. आहे तशीच आणखी एक ४ जीबीची डीडीआर३ पट्टी दुसऱ्या खाचेत टाका. यानं दोन कामं होतात. रॅम ८ जीबी होते, आणि दोन पट्ट्या असल्यानं प्रोसेसर दोन्ही वाटांनी एकदम माहिती ओढतो. तुमच्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नाही, ते याच रॅममधून उचलतं. एकाच पट्टीवर चालणारं ऑनबोर्ड ग्राफिक्स म्हणजे एका नळावर दोन घरं. एच६१ मध्ये बहुतेक ठिकाणी दोनच खाचा असतात, त्यामुळे पट्टी घेताना विचार करून घ्या.

एसएसडीबद्दल मात्र गैरसमज फार आहे. एसएसडीनं व्हिडिओ सुरळीत होत नाही. ब्लू-रे डिस्कवरच्या १०८०पी चित्राचा कमाल दर सेकंदाला ४० मेगाबिट, म्हणजे ५ मेगाबाइट. तुमची जुनी हार्ड डिस्कसुद्धा याच्या दहापट सहज वाचते. तरीही एसएसडी घ्या असंच मी सांगेन, कारण विंडोज उघडणं, ब्राउझर सुरू होणं, मेमरी भरल्यावरची कुचंबणा, हे सगळं तिच्यामुळे सुधारतं आणि रोजचा त्रास संपतो. एच६१ चिपसेटमध्ये साटाची जुनी, ३ गिगाबिटची जोडणी आहे, त्यामुळे एसएसडी तिच्या पूर्ण वेगानं धावणार नाही. म्हणून महागडी घेऊ नका, साधी साटा एसएसडी पुरे.

ग्राफिक्स कार्ड. एचईव्हीसी आणि व्हीपी९ उलगडायचे असतील आणि ४के पडदा लावायचा असेल तर कार्डाला पर्याय नाही. पण इथेच सर्वात जास्त चुका होतात. पूर्वी एका दुकानानं एका आजोबांना ‘व्हिडिओसाठी छान’ म्हणून जीफोर्स जीटी ७१० दिलं होतं. ते माझ्याकडे मशीन घेऊन आले तेव्हा यूट्यूब होतं तसंच अडखळत होतं. जीटी ७१० आणि जीटी ७३० ही कार्डं जुन्या रचनेची आहेत. त्यांना एच.२६४ येतो, एचईव्हीसी आणि व्हीपी९ येत नाहीत, आणि त्यांच्या एचडीएमआयमधून ४के ६० हर्ट्झनं, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांच्या वेगानं, निघत नाही. थोडक्यात, जे आधीच येत होतं तेच त्यांनी पुन्हा विकत घेतलं होतं. कार्डावर २ जीबी लिहिलंय की ४ जीबी, याचा व्हिडिओ उलगडण्याशी फारसा संबंध नसतो. तिथे कोणत्या पिढीचा डिकोडर बसवलाय, एवढंच बघा.

तुमच्या मशीनला शोभणारं कार्ड म्हणजे जीफोर्स जीटी १०३०. २०१७ चं, ३० वॉटचं. वेगळी वीजजोडणी नको, जुना एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) पुरतो, बारीक कॅबिनेटमध्ये बसवायला कमी उंचीची पट्टीही मिळते आणि काही प्रकारांना पंखासुद्धा नसतो. एच.२६४, १० बिटपर्यंतचा एचईव्हीसी आणि व्हीपी९ हे तिन्ही त्याला येतात, आणि एचडीएमआय २.० असल्यानं ४के ६० हर्ट्झ निघतं. एव्ही१ येत नाही. मग यूट्यूबवर वर सांगितल्याप्रमाणे एव्ही१ बंद करायचा, व्हीपी९ मध्ये ४केपर्यंत सगळं मिळतं. याच नावाचा डीडीआर४ मेमरीचा प्रकारही आहे, तो मंद आहे, त्यामुळे निवड असेल तर जीडीडीआर५ चा घ्या. लक्षात ठेवा, यातल्या बहुतेक कार्डांना व्हीजीए नसतं. डीव्हीआय-डी असतं, आणि त्यातून व्हीजीएचा सिग्नल निघत नाही, त्यामुळे साधे जोडतुकडे कितीही आणलेत तरी उपयोग नाही. जुना मॉनिटर ठेवायचा असेल तर एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा, आत चिप असलेला कन्व्हर्टर लागेल.

एव्ही१ हवाच असेल तर एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३० मालिकेपासून तो आहे. त्यात ६ जीबीचं आरटीएक्स ३०५० हे ७० वॉटचं कार्ड वेगळ्या वीजजोडणीशिवाय, केवळ स्लॉटच्या विजेवर चालतं. पीसीआय एक्स्प्रेसचा स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॉट देतो, हा हिशेब कुठलंही कार्ड घेताना डोक्यात असू द्या. नवं आहे म्हणजे सगळं येतं, असं मात्र समजू नका. रेडिऑन आरएक्स ६४०० हे २०२२ चं, पण एव्ही१ त्याला येत नाही. इंटेलच्या आर्क कार्डांना एव्ही१ उत्तम येतो, पण त्यांना रिसायझेबल बार ही मदरबोर्डाची सोय लागते आणि ती २०११ च्या बोर्डावर नसते. मी तुमच्या मशीनमध्ये आर्क टाकणार नाही.

आणखी एक धोका सांगून ठेवतो. त्या काळच्या मदरबोर्डांचं बायोस (बोर्डातच बसवलेलं मूळ सॉफ्टवेअर) आणि आजची कार्डं यांचं नेहमी जमतंच असं नाही. कार्ड लावलं की पंखा फिरतो, पडदा मात्र काळाच. दोष कार्डाचा नसतो. म्हणून चाललं नाही तर परत घेण्याच्या अटीवरच कार्ड घ्या, आणि लावण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या बोर्डाचं शेवटचं बायोस मिळतं का ते बघा. कॅबिनेट बारीक असेल तर आतली जागा पट्टीनं मोजा.

कार्ड बसवल्यावर मॉनिटरची केबल कार्डाच्याच पोर्टात लावा. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण कार्ड घेऊन महिने झाले आणि केबल मागच्या जुन्याच पोर्टात, अशी मशीनं मी कितीतरी पाहिली आहेत.

पडद्याचं आता. ४के पडदा कार्डाच्या आधी घेऊ नका. तुमच्या सध्याच्या ग्राफिक्सच्या एचडीएमआयमधून १९२० बाय १२०० च्या वर चित्र निघत नाही, म्हणजे ४के पडद्यावर ताणलेलं, धूसर चित्र दिसेल आणि तुमची निराशा होईल. हिशेब सोपा आहे. ४के म्हणजे ३८४० बाय २१६०, साधारण ८३ लाख ठिपके. ६० हर्ट्झनं नुसत्या ठिपक्यांचीच माहिती सेकंदाला १२ गिगाबिटच्या आसपास होते. एचडीएमआय १.४ ची एकूण क्षमता १०.२ गिगाबिट, म्हणून त्यातून ४के फक्त ३० हर्ट्झनं येतं आणि माउसचा बाणसुद्धा अडखळतो. एचडीएमआय २.० ची क्षमता १८ गिगाबिट, तिथे ते बसतं. केबलही त्या ताकदीची हवी. ‘प्रीमियम हाय स्पीड’ असं प्रमाणित असलेली, दोन-तीन मीटरच्या आतली घ्या. पडदा मधेच क्षणभर काळा होणं किंवा चांदण्यांसारखे ठिपके चमकणं हे केबल कमी पडत असल्याचं लक्षण.

टेबलावर, हातभर अंतरावरून पाहायचं असेल तर माझी शिफारस २४ इंची, १०८०पी, आयपीएस पॅनेलचा मॉनिटर. तुमचा जुना मॉनिटर टीएन पॅनेलचा असणार. त्यात मान जरा वरखाली केली की रंग बदलतात, आणि आतल्या दिव्याचा पिवळेपणा वर्षागणिक वाढतो. फिक्या रंगांचं मूळ बहुधा तिथेच आहे, कोणतंही कार्ड ते बरं करू शकत नाही. आयपीएस पडद्याकडे पहिल्यांदा पाहताना अनेकांना वाटतं की व्हिडिओच बदलला. अंधाऱ्या खोलीत चित्रपट बघायचे असतील तर व्हीए पॅनेलचा काळा रंग जास्त गडद असतो, तोही विचारात घ्या. २७ इंचात १०८०पी घेऊ नका, ठिपके मोठे होतात आणि अक्षरं खरबरीत दिसतात. तिथे २५६० बाय १४४० हवं. खोक्यावरच्या ‘एचडीआर’ या शब्दासाठी एक पैसाही जादा देऊ नका. स्वस्त मॉनिटरमध्ये त्यासाठी लागणारा उजेडच नसतो आणि एचडीआर चालू केल्यावर चित्र उलट राखाडी दिसतं.

४के पडदा म्हणजे टीव्हीच घेणार असाल तर तीन गोष्टी आठवणीनं करा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय पोर्टासाठी वाढीव क्षमतेचा पर्याय चालू करा. कंपनीनुसार नाव वेगळं असतं, कुठे ‘एन्हान्स्ड’, कुठे ‘यूएचडी डीप कलर’. तो बंद असेल तर रंगांची माहिती घटते आणि लाल अक्षरांच्या कडा विस्कटतात. इनपुटला ‘पीसी’ असं नाव द्या, बऱ्याच टीव्हींमध्ये त्यानंच अक्षरं स्वच्छ होतात. आणि चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडा.

एचडीएमआयवर रंग फिके पडण्याचं एक वेगळं कारण असतं, ते इथेच सांगतो. टीव्हीच्या जगात काळा म्हणजे १६ आणि पांढरा म्हणजे २३५. कॉम्प्युटरच्या जगात काळा ० आणि पांढरा २५५. कार्ड एका मोजणीत पाठवतं आणि पडदा दुसऱ्या मोजणीत वाचतो, असं झालं की एक तर काळा रंग धुरकट राखाडी दिसतो किंवा अंधारातले सगळे बारकावे बुडून जातात. कार्डाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ‘आउटपुट डायनॅमिक रेंज’ या नावाखाली फुल आणि लिमिटेड असे पर्याय असतात. टीव्हीतही तसाच पर्याय असतो. दोन्हीकडे एकच ठेवा. या एका सेटिंगसाठी नवे टीव्ही परत करायला निघालेले लोक मला भेटले आहेत.

इतकं सगळं करूनही चित्रपटात कॅमेरा हळू सरकताना बारीक हिसका जाणवला तर तो मशीनचा कमकुवतपणा नाही. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, पडदा ६० हर्ट्झचा. ६० ला २४ नं नि:शेष भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा, पुढची तीनदा दाखवली जाते. टीव्ही २४ हर्ट्झ घेत असेल तर चित्रपटापुरतं ते लावा, किंवा एमपीव्हीमध्ये ‘डिस्प्ले-रिसँपल’ आणि त्याच्या जोडीला ‘इंटरपोलेशन’ चालू करा. मला हा हिसका सहन होत नाही, पण कित्येकांना तो आयुष्यभर दिसतही नाही. दिसत नसेल तर शोधत बसू नका.

विंडोज १० चा नेहमीचा सुरक्षा-आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ साठी तुमचा प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही. या मशीनवर बँकेचे व्यवहार करत असाल तर हा मुद्दा व्हिडिओपेक्षा मोठा आहे. लिनक्सकडे, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत प्रणालीकडे, जाणार असाल तर तुमच्या इंटेल ग्राफिक्सचा एच.२६४ डिकोडर तिथेही चालतो, आणि फायरफॉक्सनं २०२३ मधल्या ११५ व्या आवृत्तीपासून लिनक्सवर इंटेलसाठी तो आपोआप चालू ठेवलाय. एनव्हिडियाचं कार्ड मात्र लिनक्सच्या ब्राउझरमध्ये सहजी डिकोड करत नाही, त्याला खटपट करावी लागते. एमपीव्हीमध्ये ते व्यवस्थित चालतं. म्हणून कार्ड घेण्याआधी विंडोज की लिनक्स, हे ठरवा.

तुमच्या जागी मी असतो तर या रविवारी धूळ आणि पेस्टचं काम उरकलं असतं, एच.२६४ ची युक्ती केली असती आणि ७२०पीवर आठवडाभर पाहिलं असतं. मग रॅम आणि साधी एसएसडी. त्यानंतर २४ इंची आयपीएस मॉनिटर, कारण तो उद्या नव्या मशीनलाही जोडता येतो. इथपर्यंतचा खर्च वाया जात नाही, फक्त डीडीआर३ पट्टी तेवढी या मशीनबरोबर जाईल. कार्ड सगळ्यात शेवटी, तेही मोबाइलचे ४के व्हिडिओ याच मशीनवर पाहायचे असतील किंवा ४के टीव्ही जोडायचा असेल तरच. आणि टीव्हीवर फक्त यूट्यूब आणि चित्रपटच बघायचे असतील तर आजच्या बहुतेक ४के टीव्हींमध्ये एचईव्हीसी आणि व्हीपी९ चा डिकोडर असतोच. मोबाइलचे व्हिडिओ पेनड्राइव्हवर घालून थेट टीव्हीला लावून पाहा, कदाचित कार्डाची गरजच उरणार नाही.

साफसफाईनंतर व्हिडिओ दहा मिनिटं चालवून तीन आकडे लिहून ठेवा: गळालेल्या फ्रेम, प्रोसेसरचे टक्के आणि तापमान. ते मला कळवा, आणि बोर्डावर छापलेलं पूर्ण मॉडेल व एसएमपीएसच्या लेबलवरचा १२ व्होल्टचा अँपिअरचा आकडाही. कार्डाचं नक्की काय करायचं ते त्यावरून सांगतो.